अकरा मिनिटं आधीची हाक

काशिराम कोळ्याचा आयुष्यभराचा एकच मंत्र होता: चालत्या गाडीला खीळ घालू नये. तळोज्याच्या एका केमिकल कंपनीत त्यानं बत्तीस वर्षं इन्स्ट्रुमेंट मेकॅनिक म्हणून काढली. दाबाचे काटे, तापमानाचे काटे, पातळी दाखवणाऱ्या काचेच्या नळ्या, सगळं त्याच्या हाताखालून गेलं. चालतं यंत्र उगाच उघडायला गेलेल्या साहेबांनी काय काय गोंधळ घातले, त्याच्या गोष्टी तो पनवेलच्या कोळीवाड्यात रंगवून सांगायचा. त्याची बायको भावना म्हणायची, "घरातला पंखा सा म्हैने कुरकुरतोय. त्याला हात लावत नायत, कारन तो चालतोय!"

असा माणूस निवृत्त झाल्यावर लिनक्सच्या नादी लागला याचं लोकांना मोठं नवल. पण त्याची सुरुवात कंपनीतच झाली होती. शेवटच्या वर्षांत तिथले जुने पॅनल निघाले आणि त्यांच्या जागी पत्त्यांच्या कॅटएवढे कॉम्प्युटर आले. एकच हिरवा बोर्ड, त्यावरच सगळा संसार. हार्ड डिस्क नाही, नखाएवढ्या कार्डावर सगळी सिस्टिम. त्याला हुकूम लिहून द्यायचे आणि तो ते निमूट पाळायचा. काशिरामनं ते सगळे हुकूम शंभर पानी वहीत देवनागरीत उतरवून घेतले. 'सुडो' या शब्दापुढे त्यानं लिहिलं होतं, 'साहेबांनी सांगितलंय असं म्हणायचं, मग ऐकतो.' बत्तीस वर्षांच्या नोकरीत त्याला इतकी ओळखीची भाषा दुसरी कुठली भेटली नव्हती.

निवृत्तीला मिळालेल्या भेटवस्तूंत भिंतीवरचं घड्याळ होतं, शाल होती आणि भंगारात जाणारा एक छोटा बोर्ड होता, जो त्यानं स्वतः मागून घेतला. तो बोर्ड त्यानं धक्क्यावर मच्छीमार सोसायटीच्या शेडमध्ये, प्लास्टिकच्या डब्यात बसवला. वर छतावर भोंगा लावला. हे त्यानं केलं ते भावासाठी.

कोळीवाड्यासमोरची खाडी ओहोटीला उघडी पडते, तेव्हा चिखलापलीकडे कालवांचा खडक वर येतो. बायका टोचा आणि पाटी घेऊन तिकडे जातात, तीन-चार तास वाकून कालवं फोडतात. खडक आणि किनारा यांच्या मधोमध एक ओहळ आहे. जाताना त्यात घोटाभर पाणी असतं. भरती लागली की पाणी आधी या ओहळात शिरतं, म्हणजे बायकांच्या पाठीमागून. पाव तासात घोट्याचं गुडघ्यावर येतं आणि तळाचा चिखल सैल होतो. मग पाणी किती आहे याला महत्त्व नाही, चिखल पाय सोडतो की नाही याला आहे. म्हणून पाणी फिरताक्षणी धक्क्यावरून हाक द्यायची रीत. काशिरामचा थोरला भाऊ धर्मराज तीस वर्षं ती हाक देत होता.

"पानी फिरला गो, वर याऽऽ!"

त्या हाकेचा एक नियम होता. पाणी फिरल्याशिवाय ती तोंडातून काढायची नाही. थट्टेत नाही, झोपेत नाही, पोरांना खेळातसुद्धा नाही. खोटी हाक दिली तर पाणी ती खरी करायला येतं, असं जुनी माणसं सांगायची. धर्मराजाच्या छातीत दुखायला लागलं आणि धक्क्यावर रोज उभं राहणं जमेना, तेव्हा काशिराम त्याचा आवाज मोबाइलवर रेकॉर्ड करायला गेला. धर्मराज खाटेवर उठून बसला आणि म्हणाला, "आता पानी फिरला हाय काय? नाय ना? मंग मी कसा बोलू?" शेवटी दोघं भाऊ धक्क्यावर जाऊन बसले, पाणी खरोखर फिरेपर्यंत. म्हणून त्या रेकॉर्डिंगमध्ये वारा आहे, आणि हाकेच्या शेवटाला एक टिटवी ओरडते.

बंदराचं भरती-ओहोटीचं कोष्टक इंटरनेटवरून घ्यायचं, त्यात आपल्या खाडीचा उशीर मिळवायचा, त्या मिनिटाला हाक वाजवायची, एवढंच त्या डब्याचं काम. उशीर किती, ते धर्मराजानं सांगितलं. "बंदरात फिरला की आपल्याकडं अर्धा तास, नि वर एक पान लावून खाईपरेंत." काशिरामनं भावाला पान लावायला बसवलं आणि घड्याळ धरलं. चार मिनिटं लागली. त्यानं सेटिंगमध्ये चौतीस लिहिलं.

पुढं दीड महिन्यात धर्मराज गेला. बिछान्यात, झोपेत. हाक मात्र चालू राहिली.

पहिले दिवस जड गेले. तेराव्यापर्यंत भोंगा बंद ठेवावा असं सोसायटीत काही जण म्हणाले, पण पाणी सुतक पाळत नाही, म्हणून तो चालूच राहिला. तेराव्यानंतर धर्मराजाची बायको सोनाबाई पाटी घेऊन खडकावर गेली. ओहोटी संपली, मेलेल्या नवऱ्याचा आवाज चिखलावरून आला, आणि बाकीच्या बायका जागच्या जागी गोठल्या. सोनाबाईनं कंबर सरळ केली, पाटी उचलली आणि रोजच्यासारखं म्हणाली, "येते हो."

तीन वर्षं ती असंच उत्तर देत आली. लोकांना सवय झाली. माणूस कशालाही सरावतो म्हणतात ते काही खोटं नाही.

यंदा फाल्गुनात डब्यानं नवं कोष्टक आणणं बंद केलं, आधी आणलेलं चार दिवस पुरणार होतं. काशिरामनं जवळच्या कोन गावात दुकान असलेल्या केतनला फोन केला. केतन कॉम्प्युटर दुरुस्त करायचा, चाळिशीचा गृहस्थ, बोलायला मोकळा. तो म्हणाला, "काका, तुमचं व्हर्जन कधीच आउटडेटेड झालंय. सपोर्ट बंद. आता साइटच त्याला कनेक्ट करू देत नाही. अपग्रेड करावंच लागेल. पण जुन्यावरच चढवू नका, हँग होईल. नवीन कार्ड घ्या, फ्रेश सिस्टिम टाका, सेटिंग एकेक करून आणा."

"चालत्या गाडीला..." काशिराम सुरू झाला.

"काका, गाडी चालत नाहीये," केतन म्हणाला.

बरोबर होतं. काशिरामनं दोन दिवस खपून नवं कार्ड तयार केलं. वही मांडीवर, चष्मा नाकावर. नव्या आवृत्तीत निम्मे हुकूम बदललेले. आवाजाची सगळी व्यवस्था तर मुळापासून वेगळी. जुन्या फायलींची नावं नव्या सिस्टिमला ओळखता येईनात. नव्या सुनेच्या हाती स्वयंपाकघर गेल्यावर मिठाचा डबा सापडेना, तशातली गत. पण त्यानं चिकाटी सोडली नाही. घड्याळ जुळलं, कोष्टक आलं, चौतीसचा आकडा जागेवर बसला. भावाची हाक नव्या कार्डावर आली.

आता भोंगा वाजवून बघायचा राहिला. शहाण्या माणसानं काय केलं असतं? हाक एकदा वाजवली असती. पण संध्याकाळचे पाच वाजले होते, खाडी काठोकाठ भरली होती, आणि पाणी फिरल्याशिवाय ती हाक द्यायची नाही. कंपनीत प्रत्येक काटा तीन-तीनदा तपासणाऱ्या काशिरामला ते धाडस झालं नाही. त्यानं हेडफोन बोर्डात खोचला, आवाजाची दिशा हेडफोनकडे वळवली, कानात हळूच हाक ऐकली. टिटवीसुद्धा नीट ऐकू आली. समाधानानं त्यानं हेडफोन उपसला, डबा बंद केला आणि घरी गेला.

दिशा परत भोंग्याकडे वळवायची राहून गेली.

दुसऱ्या दिवशी अष्टमी होती. हाकेची वेळ बारा वाजून सात मिनिटं. काशिराम ताटावर बसला होता, कान मात्र बाहेर. बारा सात झाले. आठ झाले. भोंगा गप्प. हातातला घास ताटात टाकून तो धावत सुटला. साठीच्या माणसानं जितकं धावता येतं तितकं धावून तो धक्क्यावर पोचला तेव्हा बारा वाजून बारा मिनिटं झाली होती.

बायका किनाऱ्यावर होत्या. सगळ्या. पाय धूत होत्या. काशिरामला रडूच यायचं बाकी राहिलं.

"भोंगा वाजलाच नाय," सखूबाई म्हणाली. सखूबाई म्हणजे त्याच्या शेजारची, खडकावर जाणाऱ्यांत वयानं मोठी. "सोनाबाय उठली, म्हनून आमी तिच्या मागून आलो."

"वाजला नाय कसा?" सोनाबाई पाटी डोक्यावर घेत म्हणाली. "मी आयकला की."

शेडमध्ये जाऊन त्यानं डब्याची नोंद काढली. बारा सातला हाक वाजली होती, पूर्ण वाजली होती, आणि हेडफोनच्या रिकाम्या भोकात गेली होती. बाहेर तिचा एक शब्दही आला नव्हता. सवय असेल, काशिरामनं मनाशी म्हटलं. तीस-पस्तीस वर्षं पाण्यावर काढलेली बाई, तिच्या अंगातच घड्याळ असणार. त्यानं दिशा भोंग्याकडे वळवली, स्वतःला दोन शिव्या हासडल्या आणि घरी जाऊन पुन्हा ताटावर बसला.

घास तोंडात असतानाच एक गोष्ट त्याला खटकली. खडकापासून किनाऱ्यापर्यंत चिखल तुडवत यायला पाव तास लागतो. तो बारा बाराला पोचला तेव्हा बायका पाय धूत होत्या. म्हणजे सोनाबाई बाराच्या आधीच उठली होती. हाकेच्या बऱ्याच आधी.

भोंगा दुसऱ्या दिवसापासून चोख वाजू लागला. आठवडाभरानं सखूबाई काशिरामच्या दारात आली. आत बसली नाही, चहा नको म्हणाली.

"कासीराम, तुजी वयनी भोंग्याच्या आधी उठते. रोज. पयले 'येते हो' बोलते, मंग पाटी उचलते. त्या टायमाला कोनी हाक मारलेली नसते. आमी आपल्या तिच्या मागून निगतो. अर्ध्या वाटंत आलो का मंग तुजा भोंगा वाजतो." ती जायला वळली. "बायांना भ्या वाटतो रं."

काशिराम दुसऱ्या दिवशी धक्क्यावर जाऊन बसला. कोवळं ऊन पडलं होतं, वाऱ्याचा मागमूस नव्हता. चिखलावर बगळे उभे होते. लांब खडकावर सात-आठ बायका वाकलेल्या, टोच्यांची टकटक तेवढी ऐकू येत होती. मग ती टकटक एकदम थांबली. सोनाबाई सरळ झाली होती. तिनं मान वळवली. किनाऱ्याकडे नाही, उलट दिशेला, खाडीच्या पाण्याकडे. तिचे ओठ हलले. मग तिनं पाटी उचलली आणि निघाली. बाकीच्या बायका तिच्यामागे रांगेनं निघाल्या.

काशिरामनं मोबाइलवर वेळ पाहिली. अकरा मिनिटांनी त्याच्या डोक्यावरचा भोंगा धर्मराजाच्या आवाजात ओरडला, आणि आयुष्यात पहिल्यांदा काशिराम त्या आवाजाला दचकला.

तो शेवटी मेकॅनिक होता. भीती वाटली की मोजमाप घ्यायचं, एवढं त्याला ठाऊक होतं. या छोट्या बोर्डांना स्वतःचं घड्याळ नसतं. लाइट गेली की ते वेळ विसरतात आणि परत आली की इंटरनेटला विचारून घेतात. तिथं चूक असेल म्हणून त्यानं घड्याळ तपासलं. सेकंदाचाही फरक नाही. कोष्टक तपासलं. बरोबर. चौतीस मिनिटांचा हिशेब कागदावर करून पाहिला. तोही बरोबर. उरलं ते पाणी.

पुढच्या ओहोटीला त्यानं ओहळाच्या मध्यावर एक बांबू रोवला आणि त्याच्याशेजारी घोटाभर पाण्यात उभा राहिला. तिवराचं एक पिवळं पान पाण्यावर टाकलं. पान समुद्राकडे जात राहिलं, मग मंदावलं, मग थांबलं. काही वेळ ते जागेवर नुसतं थरथरलं. मग गावाकडे सरकू लागलं. पाणी फिरलं होतं. काशिरामनं मान वर केली, तर खडकावर सोनाबाई सरळ होत होती.

भोंगा वाजायला अजून अकरा मिनिटं होती.

खाडी बदलली होती. तिच्या तोंडाशी गेल्या काही वर्षांत इतके भराव पडले, इतका गाळ उपसला गेला, पाण्यानं आपली वाट बदलली यात नवल नव्हतं. धर्मराजाचा आकडा जुना झाला होता. डब्यात त्यानं नवी सिस्टिम टाकली, नवं कार्ड टाकलं, नवं कोष्टक टाकलं, पण खाडीचा उशीर तीन वर्षांपूर्वीचाच राहिला. तो आकडा भावाचा होता, त्याला हात लावायचं मनातच आलं नाही. एवढं सगळं समजण्यासारखं होतं. पण मग सोनाबाईला वेळ सांगत कोण होतं?

संध्याकाळी तो तिच्या घरी गेला. ती ओट्यावर बसून कालवं धूत होती.

"वयनी, तुला हाक कवा येते?"

"पानी फिरला की." हा काय प्रश्न झाला, अशा चेहऱ्यानं तिनं पाहिलं.

"भोंग्याची?"

"ती मागून येते. ती तुजी. टिटवीवाली." तिनं पाणी बदललं. "त्यांच्यात टिटवी नाय."

काशिराम ओट्याच्या कडेला टेकला. "कवापासून?"

"तुजा डबा मुका झाला ना, त्या आष्टमीपासून. तवापर्यंत तो होता, म्हनून त्यांना गरज नव्हती. त्या दिवशी तो बोलला नाय, म्हनून ते सोता आले."

"कुठून येतो आवाज?"

सोनाबाईनं ओल्या हातानं दाखवलं. खाडीकडे. पाण्याच्या दिशेनं.

दादूस गेला तो बिछान्यात, काशिराम स्वतःशी म्हणाला, पाण्यात नाही. पण हे तिला बोलून दाखवायचं धैर्य त्याला झालं नाही. तो एवढंच म्हणाला, "वयनी, मी डबा अकरा मिनटं पुडं घेतो. मंग सगल्या बायांना बरोबर येळेला हाक जाईल."

तिचे हात थांबले.

"मंग ते कशाला येतील?" ती म्हणाली.



"भावजी, मी हाय ना. मी उठते, माज्या मागून बाया उठतात. कोनाचा काय बिगडला? ऱ्हाऊ दे ना तुजा डबा हाय तसा."

आणि काशिरामनं तो राहू दिला. इथं त्याला दोष द्यायचा तर द्यावा. बत्तीस वर्षं चुकीचा काटा एक दिवस भिंतीवर न ठेवणाऱ्या माणसानं अकरा मिनिटं चुकलेलं यंत्र महिनाभर चालू दिलं. हुकूम एका ओळीचा होता, चौतीसचे तेवीस करायचे. रोज तो शेडमध्ये जायचा, डबा उघडायचा आणि बंद करून परत यायचा. सोनाबाईसाठी राहू दिला, असं तो भावनाला सांगायचा. खरं म्हणजे त्यालाही तो आवाज हवा होता. रोज धक्क्यावर बसून तो कान लावायचा. सोनाबाई पाण्याकडे मान वळवायची, 'येते हो' म्हणायची, आणि काशिरामला मात्र काहीच ऐकू यायचं नाही. आपल्या सख्ख्या भावानं आपल्याला का हाक मारू नये, याचा त्याला राग येई. साठीच्या माणसाला असा राग शोभत नाही, हेही त्याला कळत होतं.

अमावास्येच्या आदल्या दिवशी सोनाबाई खडकावर गेली नाही. चिरनेरला दिलेली तिची लेक बाळंत झाली होती, म्हणून ती पहाटेच्या गाडीनं तिकडे गेली. हे काशिरामला माहीत नव्हतं, आणि त्या सकाळी तो धक्क्यावर भोंगा वाजल्यावरच पोचला. ओहोटी सकाळची होती. अमावास्येचं पाणी जितकं लांब जातं तितकंच जोरात परततं. बायका खडकावर वाकलेल्या होत्या. महिनाभरात त्यांचं भोंग्याकडचं लक्ष उडालं होतं, सोनाबाई उठली की उठायचं एवढंच त्यांना माहीत. आज ती नव्हती. भोंगा वाजला तेव्हा त्या उठल्या, पण ओहळात पाणी अकरा मिनिटं आधीच शिरलं होतं.

सखूबाई मधोमध रुतली. पाणी तिच्या कमरेला लागलं, मग छातीला. दोन होड्यांतून माणसं दोर घेऊन गेली. तिला ओढून काढली तेव्हा तिच्या पायांना गुडघ्यापर्यंत चिखल आणि तोंडात खारं पाणी. पाटी, टोचा, सगळं गेलं. ती धक्क्यावर आडवी पडून खोकत होती आणि खोकता खोकता काशिरामकडे बघत होती. तिनं शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

काशिराम तिथूनच शेडमध्ये गेला. डबा उघडला. 'साहेबांनी सांगितलंय' म्हणून हुकूम सुरू केला आणि चौतीसचे तेवीस केले. घाईत दोनदा चुकला. मग त्यानं सिस्टिम बंद करून पुन्हा सुरू केली आणि आकडा टिकलाय का ते तीन वेळा पाहिलं. तेवीस. तेवीस. तेवीस.

चार दिवसांनी सोनाबाई चिरनेरहून परत आली. नातवाचं नाक आजोबांवर गेलंय म्हणाली. दुसऱ्या सकाळी पाटी घेऊन खडकावर गेली. डब्यात काय केलं ते काशिरामनं तिला सांगितलं नव्हतं. तो धक्क्यावर बसून राहिला.

नऊ वाजून चाळीस मिनिटांनी भोंगा वाजला. "पानी फिरला गो, वर याऽऽ!" शेवटी टिटवी. ओहळातल्या बांबूपाशी पाणी त्याच मिनिटाला थांबलं होतं. बायका एकदम सरळ झाल्या, पाट्या उचलल्या आणि निघाल्या. सोनाबाईही सरळ झाली. पण ती निघाली नाही. ती पाण्याकडे तोंड करून उभी राहिली. बायकांनी तिला हाका मारल्या, तिनं मान वळवली नाही. एकेक करून सगळ्या ओहळ ओलांडून आल्या आणि खडकावर ती एकटी राहिली.

काशिरामनं धोतर खोचलं आणि चिखलात उतरला. ओहळात पाणी नडगीपर्यंत आलं होतं. तो खडकावर पोचला, तिच्या शेजारी उभा राहिला, आणि कुणाचंही लक्ष जिकडे जाणार तिकडेच त्याचंही गेलं. समोर खाडी सपाट, करडी. पाणी आवाज न करता चढत होतं.

"नाय आले," सोनाबाई म्हणाली.

"वयनी, चल."

"तू पुडं घेतलास ना डबा?"

"सखूबाय बुडाली असती."

तिनं मान हलवली. तिला सखूबाईचं कळलं होतं, आणि ती भांडत नव्हती. "मी नुसती जरा थांबते," ती म्हणाली. "एक डाव येतील. सांगून जातील."

आणि तेव्हा काशिरामला हाक आली.

पाण्याकडून आली. फार मोठी नव्हती. धक्क्यावरून गावाला द्यायची हाक ती नव्हतीच, बंद दाराआड बायकोला मारावी तशी होती. "सोने," धर्मराज म्हणाला. उभ्या जन्मात काशिरामनं भावाच्या तोंडून वहिनीचं नाव ऐकलं नव्हतं, हे लाडाचं नाव तर नाहीच. "सोने, पानी चडतोय. जा आता."

त्यानं सोनाबाईकडे पाहिलं. ती तशीच पाण्याकडे कान लावून उभी होती, तोंड थोडं उघडं. तिला काही ऐकू आलं नव्हतं.

त्याच्या चेहऱ्यावर तिला काहीतरी दिसलं असावं. ती एकदम त्याच्याकडे वळली. "तुला आयकू आला काय रं?"

सांगितलं असतं तर ती त्या दिवशी आनंदानं वर आली असती. आणि उद्या पुन्हा इथं उभी राहिली असती, परवा पुन्हा, पाणी गळ्याशी येईपर्यंत.

"नाय," काशिराम म्हणाला. "मला काय नाय आयकू आला."

सोनाबाईच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. तीन वर्षांत, तेराव्यालासुद्धा, ती अशी रडली नव्हती. काशिरामनं खाली वाकून तिची कालवांची पाटी उचलली आणि स्वतःच्या डोक्यावर घेतली. कोळीवाड्यात पुरुष बायकांची पाटी डोक्यावर घेत नाहीत. त्यानं दुसऱ्या हातानं तिचा हात धरला आणि दोघं मांडीभर पाण्यातून ओहळ ओलांडून आले. धक्क्यावर सगळा गाव उभा राहून बघत होता. कुणी हसलं नाही.